जुन्या सीडींची डिजिटल प्रत करताना प्री-एम्फसिस कसं हाताळावं

एखादी जुनी ऑडिओ सीडी तिच्या काळातल्या प्लेअरवर भरीव, निवांत वाजते. तीच संगणकावर उतरवून घेतली की बोचरी होते. 'स' आणि 'श' टोचतात, सिंबल (झांजा) खसखसतात, मूळ टेपची खरखर पुढे येते आणि खर्ज मागे पडल्यासारखा वाटतो. 'सुरुवातीच्या सीडी अशाच पातळ वाजायच्या' असं म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. काही सीडी खरोखरच तशा आहेत. पण अनेकदा डिस्कमध्ये काहीच दोष नसतो. तिच्यावर लिहिलेली एक सूचना प्रत करताना वाटेत गळालेली असते आणि ती सूचना म्हणजे प्री-एम्फसिसची खूण.

ही खूण कशी शोधायची, तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि आवाज दुरुस्त कसा करायचा, ते इथे क्रमाने सांगतो. सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: दुरुस्ती बरोबर एकदाच व्हायला हवी आणि तीही मूळ प्रतीवर कधीच नाही. दुरुस्ती राहून गेली तर आवाज कर्कश होतो, दोनदा झाली तर गोधडीखालून आल्यासारखा दबतो. जुन्या सीडींच्या डिजिटल संग्रहांमध्ये हे दोन्ही प्रकार सर्रास सापडतात.

हे आहे तरी काय

सीडीचं मानक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये पहिले प्लेअर बाजारात आले. १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं) हे आकडे तेव्हाही हेच होते. पण अ‍ॅनालॉगचं डिजिटल आणि डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी उपकरणं त्या १६ बिटांना पुरेपूर न्याय देण्याइतकी तयार झालेली नव्हती. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमधला कन्व्हर्टर तर १४ बिटांचा होता, ओव्हरसॅम्पलिंगच्या (नमुन्यांची संख्या वाढवण्याच्या) जोरावर तो १६ बिटांच्या जवळ जाई. हळू आवाजात वरच्या पट्टीतला गोंगाट ऐकू येण्याची भीती अभियंत्यांना होती आणि ती रास्त होती.

त्यावर एफएम रेडिओत आधीपासून रुळलेला उपाय त्यांनी घेतला. रेकॉर्डिंग डिजिटल होण्याआधी उच्च वारंवारता ठरावीक प्रमाणात वाढवायच्या आणि वाजवताना तेवढ्याच प्रमाणात खाली आणायच्या. संगीत होतं तिथे परत येतं, मधल्या टप्प्यात शिरलेला गोंगाट मात्र खाली जातो. वाढवण्याला प्री-एम्फसिस म्हणतात, उतरवण्याला डी-एम्फसिस.

सीडीसाठी ही वाढ ५० आणि १५ मायक्रोसेकंद या दोन कालांकांनी ठरते. वारंवारतेच्या भाषेत सांगायचं तर वक्र साधारण ३,१८३ हर्ट्झच्या आसपास वर चढायला लागतो आणि १०,६१० हर्ट्झच्या पुढे सपाट होत जातो. पुढचे आकडे लिहून ठेवा, नंतर तपासणीत ते पुन्हा पुन्हा लागतील: ५०० हर्ट्झला वाढ जेमतेम ०.१ डेसिबल, १ किलोहर्ट्झला ०.४, ३.२ किलोहर्ट्झला २.७, ५ किलोहर्ट्झला ४.५, १० किलोहर्ट्झला ७.६, १६ किलोहर्ट्झला ९ आणि २० किलोहर्ट्झला ९.५ डेसिबल. शेवटचे आकडे पाहिले की दुरुस्ती न केलेली प्रत इतकी का टोचते ते कळतं.

ही पद्धत ऐच्छिक होती. एखाद्या डिस्कवर ती सगळ्या ट्रॅकना असते, एखाद्यावर एकाही ट्रॅकला नाही आणि वेगवेगळ्या मास्टरमधून जुळवलेल्या संकलनात ती चार ट्रॅकना असून बाकीच्यांना नसू शकते. म्हणून निर्णय नेहमी ट्रॅकनिहाय घ्यायचा. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या, विशेषतः जपानमध्ये तयार झालेल्या डिस्कमध्ये आणि शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताच्या डिस्कमध्ये ती बऱ्याचदा भेटते. पुढे कन्व्हर्टर सुधारले, वरच्या पट्टीत दणकट आवाज असलेल्या संगीताला या वाढीमुळे कमाल पातळीची जागा कमी पडते हेही लक्षात आलं आणि पद्धत मागे पडली.

खूण कुठे असते

सीडीवर संगीताबरोबर सबकोड नावाचा माहितीचा बारीक प्रवाह सतत वाहत असतो. त्यातल्या क्यू वाहिनीत ट्रॅकचा क्रमांक आणि वेळ असते आणि सुरुवातीला चार नियंत्रण बिट असतात. त्यांपैकी एक बिट म्हणजे प्री-एम्फसिसची खूण. उरलेल्या तिघांत कॉपीची परवानगी, ट्रॅक संगीताचा की डेटाचा आणि चार वाहिन्यांची सोय यांची नोंद असते.

ही खूण दोन जागी येते. पहिली जागा डिस्कच्या सुरुवातीच्या भागातली अनुक्रमणिका, म्हणजे टीओसी. दुसरी जागा प्रत्यक्ष ट्रॅकबरोबर चालणारा सबकोड, जिथे ती सेकंदाला ७५ वेळा लिहिलेली असते. दोन्ही जागी सारखीच खूण असायला हवी. जुन्या डिस्कवर ती नेहमी सारखी असतेच असं नाही. टीओसी म्हणते 'नाही' आणि सबकोड म्हणतो 'आहे', अशा डिस्क अस्तित्वात आहेत. फक्त टीओसी पाहणाऱ्या प्रोग्रॅमला त्या साध्या वाटतात आणि गोंधळाची सुरुवात इथे होते.

संगणकाच्या ड्राइव्हने ट्रॅक वाचला की हातात फक्त नमुने येतात. वेव्ह फाइलमध्ये 'हा आवाज वाढवलेला आहे' असं सांगणारी सर्वमान्य जागा नाही. खूण वेगळी टिपून ठेवली नाही, तर ती गेलीच.

पहिली पायरी: खूण वाचणे

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरत असाल तर डिस्क घातल्यावर ट्रॅकच्या यादीत प्री-एम्फसिसचा रकाना दिसतो. खिडकी अरुंद असेल तर उजवीकडे सरकवा. मॅकवर एक्सएलडी हा प्रोग्रॅम तीच माहिती देतो. सुरुवात म्हणून एवढं पुरे, पण या रकान्यातलं 'नाही' हे शेवटचं उत्तर मानू नका, कारण ते टीओसीचं उत्तर आहे.

सबकोड तपासण्यासाठी मी सीडीआरडीएओ वापरायला सांगेन. तो कमांडवर चालतो, दिसायला रुक्ष आहे, पण या कामात त्याच्याइतका स्पष्ट बोलणारा दुसरा प्रोग्रॅम मला माहीत नाही. त्याची 'रीड-टीओसी' ही कमांड पूर्ण वाचनाच्या पद्धतीने चालवा. 'फास्ट-टीओसी' हा पर्याय लावू नका, तो फक्त अनुक्रमणिका वाचून थांबतो. पूर्ण वाचनात प्रोग्रॅम प्रत्येक ट्रॅकचा सबकोड पाहतो आणि तिथली खूण टीओसीपेक्षा वेगळी निघाली तर तसा इशारा छापतो. मात्र तयार होणाऱ्या फाइलमध्ये तो टीओसीचीच नोंद ठेवतो. म्हणजे इशारा डोळ्यांखालून सुटला तर फाइल पाहून काहीच कळणार नाही. पडद्यावर आलेला सगळा मजकूर एका फाइलीत साठवा आणि शांतपणे वाचा.

घाणेरड्या किंवा ओरखडे पडलेल्या डिस्कवर सबकोडचं वाचन चुकू शकतं. संगीताच्या नमुन्यांना चुका दुरुस्त करणारं भक्कम संरक्षण असतं. क्यू वाहिनीत मात्र १६ बिटांची बेरीज-तपासणी असते, ती चूक दाखवते पण दुरुस्त करत नाही. उत्तर विचित्र वाटलं तर डिस्क पुसा, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचा आणि दोन्ही वाचनं जुळतात का ते पाहा.

दुसरी पायरी: मूळ प्रत, जशी आहे तशी

आता डिस्क उतरवा, पण वाचतानाच डी-एम्फसिस करणारा कुठलाही पर्याय चालू ठेवू नका. सीडीडीए-टू-वेव्हसारख्या प्रोग्रॅममध्ये तसा पर्याय असतो आणि तो सोयीचा वाटतो. तरीही या टप्प्यावर तो नको. कारण साधं आहे. अ‍ॅक्युरेटरिप आणि क्यूटूल्स या, आपली प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून पाहणाऱ्या सेवांच्या माहितीसाठ्यातल्या पडताळणीच्या बेरजा डिस्कवरच्या कच्च्या नमुन्यांवर काढलेल्या असतात. फिल्टरमधून गेलेली फाइल त्यांच्याशी कधीच जुळणार नाही आणि आपलं वाचन अचूक होतं की नाही हे कळायचा मार्ग बंद होईल. शिवाय फिल्टर एकदा लावला आणि १६ बिटांत गोळाबेरीज झाली की मूळ नमुने हुबेहूब परत मिळत नाहीत.

काही प्रोग्रॅम खूण दिसताच न विचारता डी-एम्फसिस करून मोकळे होतात. आपला प्रोग्रॅम तसं करतो का, हे ओळखण्याचा उपायही हाच: प्रत अ‍ॅक्युरेटरिपशी जुळली तर नमुने कच्चे आहेत.

उतरवलेली प्रत फ्लॅकसारख्या, काहीही न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा आणि सोबत क्यू फाइल ठेवा, म्हणजे ट्रॅकच्या सीमा सांगणारी छोटी मजकूर फाइल (सबकोडच्या क्यू वाहिनीशी तिचा संबंध नाही). क्यू फाइलमध्ये संबंधित ट्रॅकखाली 'फ्लॅग्स प्री' अशी ओळ हवी. ती ट्रॅकच्या ओळीनंतर आणि इंडेक्सच्या ओळीआधी येते. खूण फक्त सबकोडमध्ये सापडली असेल तर प्रोग्रॅमने ही ओळ घातलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. स्वतः घाला आणि शेजारच्या मजकूर फाइलमध्ये तसं नोंदवा: टीओसीत खूण नाही, सबकोडमध्ये आहे, अमुक प्रोग्रॅमने वाचली. क्यू फाइल फ्लॅकच्या आतही बसवता येते. फ्लॅकच्या क्यूशीट विभागात प्रत्येक ट्रॅकसाठी प्री-एम्फसिसचा स्वतंत्र बिट राखलेला आहे. तरी मी वेगळी क्यू फाइलही ठेवतोच, कारण ती कुठल्याही साध्या संपादकात उघडून वाचता येते.

शेवटी फोल्डरच्या नावातच 'प्री-एम्फसिस, कच्ची प्रत' असं लिहा. फाइली एका डिस्कवरून दुसरीवर हलतात, क्यू फाइल मागे राहते, टॅग पुसले जातात. फोल्डरचं नाव सहसा टिकतं.

तिसरी पायरी: खूण खरी बोलते का

इथे घाई करू नका, कारण खूण आणि आवाज यांची फारकत झालेल्या डिस्क आहेत. खूण असूनही आवाज मुळात वाढवलेला नाही, असं होतं. उलट प्रकारही होतो: जुनी वाढवलेली मास्टर टेप नव्या आवृत्तीसाठी वापरली गेली, आवाज तसाच राहिला आणि खूण मात्र पुढे गेली नाही. या दुसऱ्या प्रकारच्या डिस्क कुठल्याच प्लेअरवर नीट वाजत नाहीत.

सगळ्यांत खात्रीची कसोटी तुलनेची. त्याच रेकॉर्डिंगची दुसरी आवृत्ती मिळवा, नंतरची सीडी असो किंवा दुसरीकडून विकत घेतलेली डिजिटल फाइल. दोन्हींमधला नेमका तोच, अर्धा ते एक मिनिटाचा तुकडा घ्या, शक्यतो वरच्या पट्टीतले आवाज भरपूर असलेला. ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडून दोन्हींचा सरासरी वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे ते, काढा आणि आकडे मजकूर फाइलीत निर्यात करा. आता ३०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोघांची पातळी सारखी मानून उरलेल्या ठिकाणचा फरक वजा करून पाहा. हा पट्टा निवडायचं कारण असं की तिथे प्री-एम्फसिसचा परिणाम जवळजवळ शून्य असतो.

फरक वर दिलेल्या आकड्यांच्या वाटेने गेला, म्हणजे ५ किलोहर्ट्झला साडेचार, १०ला साडेसात, १६ला नऊच्या आसपास, तर शंका उरत नाही. नव्या मास्टरिंगमुळे पडणारा फरक असा शिस्तीत चालत नाही. तो एका पट्ट्यात चढतो, दुसऱ्यात उतरतो, खर्जातही हात घालतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलची चढउतार मात्र समजून घ्या, कारण दोन आवृत्त्यांचं मास्टरिंग क्वचितच सारखं असतं.

दुसरी आवृत्ती मिळत नसेल तर कानावर भिस्त. ट्रॅकची एक तात्पुरती दुरुस्त प्रत बनवा, दोन्हींची पातळी जुळवा आणि मानवी आवाज ऐका. बोलताना आणि गाताना 'स' कसा ऐकू येतो हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं, तिथे कान सहसा फसत नाही. सुरुवातीच्या शांत जागी टेपची खरखर ऐका. वाढवलेल्या प्रतीत ती पातळ आणि टोकदार असते, दुरुस्त प्रतीत मऊ होऊन मागे बसते. उलट, दुरुस्त प्रतीत गायक पडद्याआड गेल्यासारखा वाटला, सिंबलची चमक मेली आणि खोलीचा घुमारा नाहीसा झाला, तर खूण खोटी असण्याची शक्यता आहे. एका बैठकीत निर्णय घेऊ नका. तेजस्वी आवाजाची सवय लागलेल्या कानाला पहिली काही मिनिटं योग्य आवाजही बोथट वाटतो.

डी-एम्फसिस खात्रीने करणारा जुना प्लेअर हाताशी असेल, तर त्याच्या अ‍ॅनालॉग आउटमधून मिनिटभर रेकॉर्ड करून तोच तुकडा कच्च्या प्रतीशी ताडून पाहा. प्लेअरने दुरुस्ती केली का आणि किती, ते वर्णपटात उघड दिसतं. हे रेकॉर्डिंग फक्त तुलनेसाठी, संग्रहासाठी नाही. यातून प्लेअरने खूण पाळली एवढंच कळतं, खूण खरी होती हे कळत नाही.

चौथी पायरी: दुरुस्त प्रत

ग्राफिक इक्वलायझरच्या दांड्या खालीवर करून हे काम करू नका. अंदाजे उतार मिळेल, नेमका वक्र मिळणार नाही. ऑडासिटीच्या वक्र काढायच्या फिल्टरने आकडे जुळवता येतात, पण तो फेज (लहरीची वेळेतली जागा) हलवत नाही, तर मूळ प्री-एम्फसिसने वाढीबरोबर फेजही सरकवलेली असते. ती परत जागेवर आणायची तर त्याच जातीचा उलटा फिल्टर हवा.

माझी पसंती सॉक्स या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला आहे. त्यात 'डीएम्फ' नावाचा इफेक्ट खास सीडीसाठीच आहे आणि २० किलोहर्ट्झपर्यंत तो आदर्श वक्रापासून ०.०६ डेसिबलपेक्षा जास्त ढळत नाही, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत नोंदवलं आहे. कमांडचा क्रम असा: आधी प्रोग्रॅमचं नाव, मग कच्ची फाइल, मग २४ बिट मागणारा 'बी' पर्याय, मग नव्या फाइलीचं नाव आणि सगळ्यांत शेवटी इफेक्टचं नाव. हा इफेक्ट ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्या आवाजावरच चालतो, म्हणून नमुना-दर बदलायचा असेल तर तो डी-एम्फसिसनंतर.

एफएफएमपेग या तसल्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये 'एएम्फसिस' हा फिल्टर आहे. त्याला प्रकार 'सीडी' आणि मोड 'रिप्रॉडक्शन' सांगायचा. मोड 'प्रॉडक्शन' दिला तर आवाज आणखी वाढेल, तेवढी काळजी घ्या.

कुठलंही साधन घेतलंत तरी संगीत त्याच्या हवाली करण्याआधी एक चाचणी करा. सॉक्सच्या 'सिंथ'ने ४४.१ किलोहर्ट्झ दराची, १० किलोहर्ट्झची साधी साइन लहर तयार करा, फिल्टरमधून काढा आणि आधीची व नंतरची पातळी मोजा. ७.६ डेसिबलची घट दिसली पाहिजे. १ आणि ५ किलोहर्ट्झलाही हेच करा: ०.४ आणि ४.५. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर साधनाबद्दल मनात किंतु राहत नाही.

आता बिटांचा प्रश्न. फिल्टरमधून बाहेर पडणारे आकडे पूर्णांक नसतात. ते थेट १६ बिटांत कापले तर हळू होत विरणाऱ्या शेवटांमध्ये बारीक विकृती शिरते. ऐकण्याची प्रत फाइल म्हणूनच राहणार असेल तर २४ बिट ठेवा. फाइल बरीच मोठी होते, कारण खालचे ८ बिट फ्लॅकला फारसे दाबता येत नाहीत, पण साठवणुकीच्या जागेसाठी इथे तडजोड करावी असं मला वाटत नाही. पुन्हा सीडीवरच लिहायचं असेल तर १६ बिट घ्या, डिदरसह, म्हणजे ही विकृती झाकणारा अगदी हलका गोंगाट मिसळून. सॉक्स १६ बिटांत उतरताना डिदर आपणहून लावतो, दुसऱ्या साधनांत तो मागावा लागतो.

क्लिपिंगची, म्हणजे शिखरं कमाल मर्यादेला आपटून कापली जाण्याची, भीती बाळगायचं कारण नाही. डी-एम्फसिस कुठल्याच वारंवारतेला वाढवत नाही, फक्त उतरवतं. दुरुस्तीनंतर शिखरं खाली आलेली दिसतील आणि ती पुन्हा वर ताणायचा मोह होईल. ट्रॅकनिहाय नॉर्मलाइझ (प्रत्येक ट्रॅकचं शिखर ताणून कमाल पातळीला नेणं) मुळीच करू नका, त्याने ट्रॅकमधली मूळ पातळ्यांची नाती बिघडतात. वाढवायचंच असेल तर संपूर्ण डिस्कला एकच गेन द्या, किंवा काहीच न करता ते काम रिप्लेगेनवर (वाजवताना पातळी जुळवायला सांगणाऱ्या टॅगवर) सोडा.

न थांबता वाहणाऱ्या मैफिलींबद्दल आणि ऑपेरांबद्दल एक बारकावा आहे. ट्रॅक सुटेसुटे करून फिल्टर लावला की प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला फिल्टर शून्यापासून उभा राहतो, त्याला मागच्या क्षणाची आठवण नसते. परिणाम मोजक्या नमुन्यांपुरताच असतो, तरी टाळ्यांच्या किंवा तानेच्या मधोमध जोड असेल तर सूक्ष्म 'टक' ऐकू येऊ शकतो. म्हणून सगळ्या ट्रॅकना खूण असेल तर पूर्ण डिस्कची एक सलग फाइल करा, तिच्यावर फिल्टर लावा आणि मग क्यू फाइलनुसार तुकडे करा. सीडीचा एक सेक्टर ५८८ नमुन्यांचा असतो. हा फिल्टर फाइलची लांबी बदलत नाही, त्यामुळे सेक्टरच्या सीमा जागच्या जागी राहतात.

टॅग आणि एमपी३

दुरुस्त प्रतीतून प्री-एम्फसिसचा टॅग आणि क्यू फाइलमधली 'प्री'ची ओळ काढून टाका. ही पायरी विसरली तर मागचं सगळं काम वाया जातं. फूबार२००० या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असा घटक उपलब्ध आहे जो प्री-एम्फसिसचा टॅग पाहून वाजवताना आपोआप दुरुस्ती करतो. कच्च्या प्रतीसाठी तो उत्तम, पण दुरुस्त प्रतीवर टॅग तसाच राहिला तर दुरुस्ती दोनदा होईल. टॅगऐवजी टिपणीत साध्या शब्दांत लिहा: सॉक्सने डी-एम्फसिस केलेली, २४ बिट.

रिप्लेगेन नेहमी दुरुस्त प्रतीवर मोजा. कच्च्या प्रतीत वरची पट्टी फुगलेली असते, त्यामुळे तिच्यावर काढलेला आकडा चुकतो.

एमपी३ किंवा तसल्या कुठल्याही, आवाजाचा काही भाग टाकून देणाऱ्या स्वरूपात जायचं असेल तर आधी डी-एम्फसिस, मग एन्कोडिंग. एन्कोडर कानाला काय ऐकू येईल याचा अंदाज बांधून बिट वाटतो. त्याला फुगलेली वरची पट्टी दाखवली तर वाटप चुकीच्या जागी होतं. एमपी३च्या हेडरमध्ये एम्फसिससाठी दोन बिट आहेत, पण बहुतेक डिकोडर त्यांच्याकडे पाहतही नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नका.

पुन्हा सीडी लिहायची असेल तर

दोन मार्ग आहेत. कच्चे नमुने आणि क्यू फाइलमध्ये 'फ्लॅग्स प्री' हा एक, दुरुस्त नमुने आणि खूण नाही हा दुसरा. पहिल्या मार्गाने मूळ डिस्कची खरी जुळी प्रत मिळते, तिच्या प्रत्येक गुणासह. पण ती कशावर वाजणार याचा विचार करा. आजचे बरेच प्लेअर, गाडीतले संच आणि बाहेरचे डॅक (डिजिटल आवाज कानापर्यंत नेण्याआधी बदलणारे कन्व्हर्टर) ही खूण पाळत नाहीत. ऐकण्यासाठीच लिहीत असाल तर मी दुसरा मार्ग धरेन.

पहिला मार्ग घेतलात तर डिस्क-अ‍ॅट-वन्स पद्धतीने (पूर्ण डिस्क न थांबता एका दमात) लिहा आणि लिहून झाल्यावर ती डिस्क पहिल्या पायरीतल्याच साधनाने पुन्हा वाचा. लिहिणारे काही प्रोग्रॅम क्यू फाइलमधली खूण गुपचूप सोडून देतात. पुन्हा वाचल्याशिवाय ते कळत नाही.

डिस्क आता हाताशी नाही, फक्त फाइली आहेत

संग्रहात वर्षानुवर्षं पडून असलेल्या रिपबद्दल, म्हणजे उतरवून ठेवलेल्या प्रतींबद्दल, हा प्रश्न हमखास येतो. आधी जुना लॉग (उतरवताना प्रोग्रॅमने लिहिलेली नोंद) शोधा. एक्सएलडीचा लॉग असेल तर त्यात प्री-एम्फसिसची ओळ असू शकते. मग क्यू फाइल पाहा. दोन्हींत काही नसेल तर फाइली क्यूटूल्सने पडताळा. जुळल्या तर नमुने कच्चे आहेत एवढं नक्की होतं आणि प्रश्न फक्त 'मूळ डिस्कवर वाढ होती का' इतकाच उरतो. नाही जुळल्या तर वाचनात चूक होती किंवा कुणीतरी आधीच फिल्टर लावला आहे, या दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

मग तिसऱ्या पायरीतली वर्णपटाची तुलना करा. फरक वक्राच्या वाटेने वर गेला तर दुरुस्ती बाकी आहे. तोच वक्र उलटा होऊन खाली गेला, म्हणजे १० किलोहर्ट्झला साडेसात डेसिबलची तूट निघाली, तर दुरुस्ती दोनदा झालेली आहे, किंवा जिथे नको होती तिथे एकदा झाली आहे. अशा फाइलीवर सीडीचाच प्री-एम्फसिस वक्र लावून आवाजाचा तोल सावरता येतो. एफएफएमपेगच्या त्याच फिल्टरचा 'प्रॉडक्शन' मोड इथे कामी येतो, फक्त वाढीमुळे शिखरं वर जाणार म्हणून आधी पातळी दहाएक डेसिबल खाली घ्या आणि २४ बिटांत काम करा. मूळ नमुने यातून परत येत नाहीत. डिस्कची दुसरी प्रत कुठे मिळाली तर नव्याने उतरवा आणि तोपर्यंत या फाइलीच्या टिपणीत काय केलं ते लिहून ठेवा.